मावशीची पाठ आणि ओली भिंत

तिला सगळे आडोसामावशी म्हणत. तोंडावर नुसतं मावशी, आणि पाठ वळली की आडोसा. नाव पडलं होतं तेही पाठीवरूनच. पाठ कसली, कपाटाचं दार! घरं दाखवायच्या धंद्यात तिची हयात गेली आणि त्या हयातीत जी जी भिंत ओली होती, तिच्या तिच्यापुढे उभं राहून मावशीने घर खपवलं.

यातही कसब असतं. गिऱ्हाईक पायपुसण्यावर बूट घासतंय तोवर मावशी आत. आधी दिवा लावायचा, मग खिडकी उघडायची, मग संडासात पाणी सोडायचं, कारण बंद घराच्या संडासाला स्वतःचं मत असतं आणि ते तो लगेच सांगतो. एवढं झालं की जागा धरायची. कोणती जागा, ते घर सांगतं. फरशी तडकली असेल तर तिच्यावर दोन्ही पाय रोवून. तावदान फुटकं असेल तर तिथे पडद्याशी चाळा करत. आणि ओल असेल तर भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून, जशी काही भिंत बांधली तेव्हापासून बाई तिथेच उभी आहे.

खोटं मात्र ती बोलत नसे. कुणी विचारलंच, "ओल आहे का हो मावशी?" तर ती म्हणे, "तुम्हाला दिसली का?"

"नाही."

"मग झालं तर!"

तिचं दुकान म्हणजे किल्ल्या बनवणारा आणि इस्त्रीवाला यांच्या मधली फट. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर परवान्याची चौकट. "नवरा गेला तो मागे दोन गोष्टी ठेवून गेला," मावशी सांगे. "हे दुकान आणि एक लेक. दुकान माझं ऐकतं."

लेक दुसऱ्या खुर्चीवर बसून घरांचे फोटो नीट करत असायची. मान वर न करता ती म्हणे, "दुकानाला कान नाहीत म्हणून."

असं बरं चाललं होतं. पण पलीकडच्या चौकात घरं दाखवणारी एक बाई होती, मावशीच्याच वयाची. तिच्याकडे एक गिऱ्हाईक आलं. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्याने स्वयंपाकघराचं तोंडभर कौतुक केलं आणि बाई कोठीची खोली दाखवायला पुढे गेली तशी मागून दार अडवलं. फोन, पर्स, अंगठ्या काढून घेतल्या आणि तिला आत कोंडून बाहेरून कडी घातली. जिना झाडणाऱ्या बाईला दारावरच्या थापा ऐकू आल्या म्हणून ती सुटली. त्यानंतर तिने धंदाच सोडला. आता कुणी नुसतं दार लोटलं तरी दचकते म्हणतात.

मावशीच्या लेकीने हे ऐकलं आणि तिचा चेहराच बदलला.

"आई, तूही आधी आत जातेस ना?"

"मग कोण जाणार? घर मी दाखवते की घर मला दाखवतं?"

"अनोळखी माणसाकडे पाठ करून?"

"माझी पाठ बघून चोर वाट बदलेल."

लेक हसली नाही. एरवी आईच्या असल्या बोलण्यावर ती निदान नाक तरी मुरडायची. तिने टेबलावरचा कागद आईपुढे सरकवला. परवाना देणाऱ्या कचेरीचा हुकूम होता. घरांचे व्यवहार करणाऱ्या सगळ्यांनी पुन्हा वर्गात बसायचं. आधी करारांचा अभ्यास, मग स्वतःच्या जिवाची काळजी कशी घ्यायची त्याचा. दोन्हीत पास, तरच परवाना पुढे चालू.

"यात पास झालीस तर मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही," लेक म्हणाली. "नापास झालीस तर शटर मी ओढणार. मग दुसरीकडे खटपट नाही, ओळखीपाळखी नाहीत. घरी बसायचं. कबूल?"

मावशीने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. घरी बसायचं म्हणजे कुठे बसायचं, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. घरातल्या खुर्चीवर ती फक्त चपला घालायला बसत असे.

"कबूल," ती म्हणाली. "मी शाळेत कधी नापास होत नव्हते."

"होत होतीस. आजोबांनी सांगितलंय मला."

वर्ग भरला तो एका बंद पडलेल्या बँकेच्या वरच्या मजल्यावर. शहरातले सगळे घरंवाले आले होते. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी ही माणसं शेजारी शेजारी बसून एकमेकांना पेन देत होती. मावशीच्या मागच्या बाकावर गॉगल बसला. हा तिचा जुना प्रतिस्पर्धी. घरातही काळा चष्मा काढत नसे. त्याचे डोळे कसे आहेत हे त्याच्या बायकोलाच ठाऊक, तेही लग्नाआधी पाहिले असतील तर.

करार शिकवायला एक वकीलबाई होत्या. अंगाने काडी, आवाजाने करवत. त्यांनी पहिलंच वाक्य असं टाकलं की वर्गातली सगळी पेनं थांबली.

"तोंडी दिलेला शब्द हा कराराचा भाग नसतो."

मागून गॉगल कण्हला. "बाई, समोर बाग होणार आहे, असं मी आजवर इतक्या लोकांना सांगितलंय, की त्या सगळ्या बागा झाल्या असत्या तर या गावात घरंच उरली नसती."

वर्ग खदखदला. वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर पुढचं लिहिलं: माहीत असलेला दोष लेखी कळवायचा. लपवला तर करार मोडतो, आणि लपवणाऱ्याचा परवानाही.

मावशीने हात वर केला. "माहीत असलेला म्हणजे कुणाला? मला, की भिंतीला?"

"तुम्हाला."

"आणि मी तिकडे बघितलंच नसेल तर?"

"मावशी," वकीलबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मावशी म्हटल्यावरच मावशीला कळलं की आपली कीर्ती इथवर पोचली आहे, "अख्ख्या घरात जिथे नेमक्या तुम्ही जाऊन उभ्या राहता, तीच जागा तुम्हाला माहीत नाही, हे कोणी मानेल का?"

मावशी खाली बसली आणि तिने वहीत लिहून घेतलं. कराराचा पेपर ती पास झाली. कशी, ते विचारू नका. शेजारच्याच्या पेपरला आडोसा नव्हता, एवढंच.

खरी गाडी अडली ती पुढे. जिवाची काळजी शिकवायला एक निवृत्त पोलीस अधिकारी होते. गळ्यात शिट्टी, ओठांवर भुवईएवढी मिशी. चुकलं की शिट्टी वाजवायचे, म्हणून दुपारपर्यंत सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणू लागले.

"गिऱ्हाईक पुढे, तुम्ही मागे," ते म्हणाले. "दार कायम तुमच्या बाजूला. कोपऱ्यात जायचं नाही. समोरचा माणूस तुमच्या आणि दाराच्या मध्ये आला, की तुम्ही अडकलात. आणि भिंतीला पाठ तर कधीच लावायची नाही."

एकेका नियमाबरोबर मावशीला वाटलं, कुणीतरी आपला एकेक अवयव काढून टेबलावर ठेवतंय.

"मग आम्ही उभं राहायचं कुठे?"

"दारात."

"दारात वीजबिलवाले उभे राहतात, साहेब."

"आणि सुखरूप घरी जातात," शिट्टीसाहेब म्हणाले.

वर्गातच खुर्च्या मांडून खोटं घर केलं होतं. मावशी घर दाखवणार, गॉगल गिऱ्हाईक. गॉगल उंबऱ्याशी थांबला आणि मावशीचे पाय तिला न विचारता आत गेले. शिट्टी वाजली.

"मावशी, मेलात."

"कधी?"

"आत्ताच."

"बरं झालं. गुडघे दुखत होते."

दुसऱ्यांदा ती दाराशी थांबली खरी, पण गॉगल आत शिरल्याबरोबर तिला बाकामागच्या भिंतीचा पोपडा दिसला आणि ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. पोपडा बँकेचा, घर खोटं, गिऱ्हाईक खोटं, तरी मावशी उभी. पुन्हा शिट्टी.

"पुन्हा मेलात. दुपारी खऱ्या घरात परीक्षा आहे. तिथे एकच संधी. तिथेही असंच झालं तर मी नापास लिहिणार. ओळख दाखवायची माझ्याकडे पद्धत नाही."

मावशीचा फोन वाजला. लेकीचा निरोप होता: जेवलीस का? मागे राहा.

दुपारी सगळी वरात नव्या वस्तीतल्या एका रिकाम्या घरात गेली. किल्ली गॉगलकडे होती. घर त्याच्याच हातातलं. आत पाऊल टाकताच सगळ्या घरंवाल्यांची नाकं हलली. रंग. ताजा रंग. तोही अख्ख्या घराचा नाही, फक्त आतल्या खोलीतल्या एका भिंतीचा. पाणी उताराकडे वाहावं तसे सगळे बोलता बोलता त्या खोलीत वाहत गेले आणि त्या भिंतीपुढे ओळीने उभे राहिले. काही जणांनी हाताची घडीही घातली.

शिट्टीसाहेब दारातून ओरडले. "अहो, सगळे त्या भिंतीला काय चिकटलात? आता आग लागली तर तुमच्यातला एक वाचायचा नाही!"

सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

शिट्टीसाहेब जरा निवळले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बरं, तुम्ही जाणकार मंडळी. कसं वाटलं घर? मीच घेतोय हे. परवा करार. आम्हा दोघांना पुरतं. बायकोला दमा आहे, तेव्हा म्हटलं, हवेशीर बघावं."

एवढी माणसं खोलीत, पण एकालाही छतावरची नजर खाली आणवेना. गॉगलच्या काळ्या काचांखालून घामाचा एक ओघळ गालावर आला.

बाकीच्यांच्या परीक्षा पुढच्या खोलीत झाल्या. मावशीचा नंबर शेवटचा, आणि शिट्टीसाहेब म्हणाले की हिची परीक्षा सगळ्या घरभर घेणार, गिऱ्हाईकही मीच होणार. गॉगलने मावशीला दाराआड ओढलं.

"मावशी, आतल्या खोलीत जाल तेव्हा तेवढी भिंत सांभाळा. वरच्यांचं न्हाणीघर गळतंय. काल रंग मारला, आज खालून फुगायला लागलाय. तुमच्याशिवाय कुणाची पाठ पुरणार नाही."

"अरे पण माझी परीक्षा आहे मेल्या!"

"तुमच्या त्या तडकलेल्या ओट्यावर मी कोपर टेकून अर्धा तास उभा होतो की नाही?"

होता. नाही म्हणायची सोय नव्हती. या धंद्यात लोक एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात, पाट्या उपटतात, पण दुसऱ्याच्या भिंतीला हात लावत नाहीत. हा नियम कुठल्या कचेरीने केलेला नाही, म्हणूनच तो सगळे पाळतात.

परीक्षा सुरू झाली. मावशीने लेकीला फोन करून मोठ्याने पत्ता सांगितला. दार सताड उघडं ठेवलं. "या, आधी तुम्ही," म्हणाली आणि जीभ दाताखाली धरून मागे राहिली. शिट्टीसाहेबांनी पुढची खोली पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, मावशी आपली दाराच्या बाजूला. बाकीचे मागून बघत होते. कुणीतरी हळूच टाळीही वाजवली.

मग साहेब आतल्या खोलीत गेले आणि खिडकीतून बाहेर डोकावू लागले. मावशी दारात थांबली. भिंतीवर मधोमध एक फुगा आला होता, हाताच्या तळव्याएवढा. साहेब वळले असते तर थेट नजरेसमोर. मावशीने स्वतःला सांगितलं, हलायचं नाही. पण पाय तिचे असले तरी सवय तिच्या बापाचंही ऐकणारी नव्हती. साहेब वळले तेव्हा मावशी भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी होती. अंगावरच्या निळ्या कोटातून गार गार रंग आत लागत होता.

साहेबांनी शिट्टी वाजवली नाही. ते सावकाश चालत गेले आणि दारात उभे राहिले. बाकीची माणसं त्यांच्यामागे झाकली गेली. खोली एकदम लहान झाली.

"मावशी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातलं मास्तरपण गेलं होतं, "आता दार माझ्याकडे आहे. तुम्ही ओरडलात तर वरच्या मजल्याला नळ वाहत असेल, ऐकू यायचं नाही. खिडकीला गज आहेत. सांगा."

मावशीने आजवर कितीतरी रिकाम्या खोल्या पाहिल्या होत्या. खोलीच्या आतून दार कसं दिसतं, हे मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला ती पलीकडच्या चौकातली बाई आठवली. दार लोटलं तरी दचकणारी. तोंडात आलेला विनोद तोंडातच राहिला.

साहेब बाजूला सरून खिडकीशी गेले. "जिथे उभं राहायला हवं तिथे या. ही शेवटची संधी."

दाराआडून गॉगल मान हलवत होता: नको, नको, नको.

हलावं तर गॉगल बुडतो. न हलावं तर शटर ओढलं जातं. एवढ्यावर मावशीने कदाचित गॉगलला शिवी देऊन तिथेच पाय रोवले असते, कारण शब्द म्हणजे शब्द. पण त्या मिशीवाल्याने दम्याचं सांगायला नको होतं. गिऱ्हाइकाच्या घरातली दुखणी ऐकायची नाहीत, हा मावशीचा पहिल्यापासूनचा नियम. ऐकली की पाठ हलते.

पाठ हलली. चर्र असा आवाज झाला. मावशी सरळ चालत दारात आली, वळली आणि उभी राहिली.

भिंतीवर तिची अख्खी पाठ उमटली होती. रंगाचा पापुद्रा कोटाबरोबर निघून आला होता, आणि खाली हिरवट काळी, केसाळ ओल, छतापासून थेट कमरेएवढी.

"हे काय आहे?" शिट्टीसाहेब म्हणाले.

"माहीत असलेला दोष," मावशी म्हणाली. "लेखी उद्या देते. आज तोंडी घ्या."

"मी तीनदा पाहिलंय हे घर! कुलपं तपासली, गज हलवून बघितले, जिन्यावरचे दिवे बघितले."

"तेव्हा हा कुठे उभा होता?"

साहेबांनी गॉगलकडे पाहिलं. तीनही वेळेला गॉगल नेमका तिथेच, भिंतीला टेकून, बागेविषयी बोलत होता, हे त्यांना आठवत असावं. गॉगलने काळा चष्मा काढला आणि शर्टाला पुसत राहिला. डोळे साधेच होते, बारीक, दमलेले.

"साहेब," मावशी म्हणाली, "माझं काय?"

"काय तुमचं काय?"

"पास की मेले?"

साहेब भिंतीवरच्या त्या पाठीकडे बघत होते. "दारात उभ्या आहात ना? मग पास."

जिन्यात गॉगलने गाठलंच. "झाकली मूठ सव्वा लाखाची, मावशी! काय केलंत हे?"

"मूठ होती का ती? अख्खी भिंत होती."

"आपण एकमेकांच्या भिंतीला हात लावत नाही."

"हात कुठे लावला? पाठ काढली फक्त."

तो बरेच महिने तिच्याशी बोलला नाही. तिच्या पाट्या मात्र नेमाने उपटत राहिला, तेव्हा फार काही बिघडलं होतं असं म्हणता येत नाही.

मावशी दुकानात शिरली तेव्हा लेकीने आधी तिचं तोंड पाहिलं, मग तिच्याभोवती फिरून पाठ.

"हे काय लागलंय?"

"निकाल."

लेकीने कोट काढून घेतला. ओल्या फडक्याने ती आईचा कोट घासत बसली, आणि घासताना तिचे डोळे भरून आले ते रंगाच्या वासाने, असं तिने इस्त्रीवाल्याला सांगितलं. डाग निघाला नाही. तोंड न उघडण्याचा शब्द तिने पाळला. बोटांचं काही ठरलं नव्हतं, त्यामुळे मावशी घर दाखवायला गेली की फोनवर निरोप येतोच: मागे आहेस ना?

काही दिवसांनी दुकानात शिट्टीसाहेब आले. बरोबर बायको, अंगाने बारकी, हातात दम्याचा फवारा. "घर दाखवा," ते म्हणाले. "पण उघडं."

मावशी त्यांना घेऊन गेली. कुलूप काढलं, दार लोटलं आणि बाजूला झाली.

"या, आधी तुम्ही."

"नाही, तुम्ही," शिट्टीसाहेब म्हणाले.

"नियम आहे साहेब. गिऱ्हाईक पुढे."

"माझाच नियम मला सांगता? मी अनोळखी घरात कधी पहिला शिरलो नाही. नोकरीतही नाही."

"म्हणजे नोकरीत कोण शिरायचं?"

दोघंही दाराच्या दोन बाजूंना, दार आपल्याकडे ठेवून, उभे राहिले. कुणी हलेना. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. मावशीचा फोन वाजला. तिने न बघताच निरोप पाठवला: दारातच आहे.

"सरका दोघंही," साहेबांची बायको म्हणाली आणि मधून आत गेली. दिव्याचं बटण वाजलं. खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग संडासात पाणी सोडल्याचा.

मावशी दारात उभी होती आणि टेकायला काही नसल्याने तिची पाठ खाजत होती. तिने मान लांब केली आणि आतल्या दिशेने ओरडून सांगितलं:

"अहो, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ओल आहे! नीट बघून घ्या!"

"बघितली!" आतून आवाज आला. "आणि ही तडकलेली फरशी?"

मावशी जरा थांबली. जुनी सवय एकदम मरत नाही.

"तीपण आहे," ती म्हणाली.